परदेशी वर्गमित्रांना घेऊन गोव्याच्या रानात आणि पाण्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताळगाव पठारावरच्या विद्यापीठात किंवा गोव्यातल्या इतर महाविद्यालयांत एका सत्रासाठी आलेली परदेशी मुले पहिल्या पंधरवड्यातच विचारू लागतात, "या शनिवारी कुठे जाऊया?" उत्तर द्यायचे असते इथल्या वर्गमित्राने, नाहीतर ज्यांच्या घरी ती राहतात त्या काका-काकूंनी. ही प्रश्नोत्तरे त्यांच्यासाठी आहेत. पाहुण्याला इथला पाऊस, इथली भरती, इथला व्हाळ म्हणजे ओढा, काहीच ठाऊक नसतो. तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून तो पाण्यात पाय टाकतो. म्हणून इथे ठिकाणांच्या यादीपेक्षा पाणी आणि वेळ यांबद्दल जास्त लिहिले आहे.

सत्र जुलैत सुरू होते. भर पावसात न्यावे असे काय आहे?

सगळ्यांत आधी सडा. जांभ्या दगडाची ही पठारे उन्हाळ्यात करपलेली दिसतात, पण ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांच्यावर वीतभरसुद्धा उंच नसलेल्या फुलांचा गालिचा पसरतो. जांभळी सीतेची आसवे आणि चिकट केसांनी कीटक धरणारे दवबिंदू ही दोन्ही झाडे कीटकभक्षी आहेत. जांभ्यात नायट्रोजन जवळजवळ नसतोच, तो ती किड्यांतून मिळवतात. हे बघायला गुडघ्यांवर बसावे लागते, दहापट मोठे दाखवणारे भिंग बरोबर असेल तर उत्तमच. परदेशी मुलांना समुद्र माहीत असतो, सडा कोणी दाखवलेला नसतो. वेर्ण्याच्या किंवा ताळगावच्या पठारावर बसने जाता येते आणि दोन तासांत परतताही येते. फुलांवर पाय पडू नये म्हणून उघड्या दगडावरूनच चाला. भिजलेला जांभा मात्र निसरडा असतो.

ऑक्टोबरात दुपारनंतर विजांचा पाऊस येतो. त्या महिन्यात सड्यावर दुपारी दोननंतर थांबू नये, तिथे सगळ्यांत उंच वस्तू माणूसच असतो.

दुसरे ठिकाण हरवळे. साखळीला बसने जा, तिथून रिक्षा करा. देवळाच्या बाजूने धबधबा सुरक्षित अंतरावरून दिसतो आणि जवळच पुरातन कोरीव लेणी आहेत. बघायला सुंदर आहे, पण तिथे पाण्यात उतरायचे नाही.

धबधब्याखाली पोहू द्यावे की नाही?

जून ते सप्टेंबर: नाही. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला काही काळ बंदी घातली होती. निघण्यापूर्वी त्या त्या अभयारण्याच्या नाक्यावर त्या आठवड्यात प्रवेश आहे का, एवढे विचारून घ्याच.

बुडण्याची कारणे समजली तर पाहुण्याला समजावणे सोपे जाते. पहिले कारण कोंड. धबधब्याच्या माऱ्याने खडकात खोल खड्डा पडतो. काठावर पाणी घोट्याएवढे आणि पुढच्याच पावलाला डोक्यावर. दुसरे कारण फेस. पांढऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते अंगाला नेहमीसारखे तरंगवून धरत नाही. तलावात उत्तम पोहणारा मुलगाही तिथे खाली जातो, आणि पडणारे पाणी त्याला परत धारेखाली ओढते. तिसरे कारण घाटावरचा पाऊस. तुमच्या डोक्यावर ऊन असते, पण चोर्ल्याच्या वर तासाभरापूर्वी कोसळलेले पाणी व्हाळातून खाली येत असते.

ते येण्याआधी खुणा दिसतात: नितळ पाणी गढूळ होते, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज घुमू लागतो, मघाशी उघडा असलेला दगड बुडतो. यातली एक जरी खूण दिसली तरी पिशव्या गोळा करत बसू नका. ज्या काठाने परतायचे आहे त्या काठावर चढा. म्हणूनच जेवायला बसतानाही परतीच्या बाजूलाच बसायचे. पलीकडे अडकलेला गट घाईने पाणी ओलांडायला जातो आणि तिथेच घात होतो.

नोव्हेंबरनंतर पाणी उतरले की गुडघ्यापर्यंत उतरायला हरकत नाही, पण उडी मारू नये. बरोबर पंधरा मीटर दोर आणि पाच लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन ठेवा. दोर कॅनच्या मुठीला बांधा, आत पेलाभर पाणी घाला आणि झाकण घट्ट लावा. अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, थोडे पाणी असले की नेमका जातो. कोणी बुडत असेल तर कॅन त्याच्या पलीकडे फेकून ओढत आणायचा. पाठोपाठ पाण्यात उडी घेणारा मित्र हाच बहुधा दुसरा बळी ठरतो.

दूधसागरला रुळांवरून चालत जातात म्हणे. नेऊ का?

नेऊ नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली रुळांवर शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यावर गुन्हा नोंदला गेला तर त्याचे सत्रच अडचणीत येते. धोका तर त्याहून मोठा. या रुळांवरच्या ब्रगांझा घाटात चढ ३७ ला १ आहे, वळणे आणि बोगदे लागोपाठ आहेत, आणि पावसाच्या व धबधब्याच्या आवाजात गाडीचा आवाज अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही.

सरळ वाट म्हणजे कुळे गावातून जीप. व्हाळांतले पाणी उतरल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत जीप चालतात. पावसाळ्यात त्या बंद असतात, कारण वाटेत नदी ओलांडावी लागते. शनिवार-रविवारी गर्दी फार, तेव्हा पणजी-मडगावहून पहाटेच निघा. ३१० मीटरची धार नोव्हेंबरात भरलेली असते, एप्रिलपर्यंत ती पातळ होते. पाहुण्याला हे आधीच सांगा.

समुद्रात तरी पोहता येईल ना?

पावसाळ्यात नाही. इतर वेळी जीवरक्षक हजर असताना, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात. लाल झेंडा असेल तिथे पाण्यात जायचे नाही. संध्याकाळी सहानंतर जीवरक्षक नसतात, म्हणून सूर्यास्ताचे पोहणे विसरा.

फसवणारी गोष्ट ही की, समुद्राची ओढ असते तिथेच पाणी शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये गडद, सपाट पट्टा दिसतो. पाहुणा नेमका तोच पट्टा निवडतो. त्यातून पाणी खोल समुद्राकडे परत जात असते. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजायचे नाही. आधी तरंगत राहायचे, मग किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यायचे, हात वर करून बोलवायचे. नदीच्या मुखाजवळ ओहोटीच्या वेळी तर उतरूच नये.

चोडणच्या पक्षी अभयारण्यात कधी जावे?

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीने चोडणला उतरले की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य हाकेच्या अंतरावर आहे. क्षेत्र फक्त १.७८ चौरस किलोमीटर, सगळे खारफुटीचे. इथे घड्याळापेक्षा भरतीचा हिशेब महत्त्वाचा. पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पाणपक्षी भरपूर दिसतात, पण आतल्या चिंचोळ्या फाट्यांत होडी चिखलात बसते. पूर्ण भरतीला होडी सुरळीत जाते, पण पक्षी दूर पांगलेले असतात. ओहोटी संपून दोन तास झाले की पाणीही पुरते आणि चिखलाच्या कडाही उघड्या असतात.

ही वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब अजून कामाचा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरतीच्या आधी सव्वासहा तास ओहोटी. म्हणजे अमावास्येला ओहोटी पहाटे पाचला आणि सकाळी सात ही नेमकी आपली वेळ. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडे-तिकडे होतो, तेव्हा मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी पडताळून घ्या. कॅलेंडरवरची तिथी पाहून समुद्राची वेळ सांगता येते, हे पाहुण्याला समजावताना स्वतःलाही मजा येते.

होडीतून हात पाण्यात सोडू देऊ नका. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, त्याही खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या. गोव्यात काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, तिला मानगे थापणी म्हणतात. खाजनाचे (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचे) बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) सांभाळणाऱ्या माणसांचे मगरीशी किती जुने नाते आहे, ते त्या पूजेत दिसते. पाहुण्याला हे जरूर सांगा, आणि गावाची परवानगी असेल तरच दाखवायला न्या.

पक्ष्यांसाठी आणखी कुठे?

हिवाळ्यात करमळीचे तळे, रेल्वे स्थानकाला लागूनच. आणि कुडचडेजवळचे नंदा तळे. ४२ हेक्टरचे हे तळे २०२२ मध्ये गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. दोन्हीकडे सकाळी साडेसहा ते नऊ. आठ-दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते.

जळवा चावतील म्हणून मुली घाबरल्या आहेत. काय सांगू?

जळवेमुळे रोग होत नाही आणि चावताना दुखतही नाही, हे आधी सांगा. पाऊस पडलेल्या रानात, विशेषतः वाटेच्या कडेच्या पाल्यात ती असते. पायमोजे पँटवर ओढून घ्या आणि मोज्यांना बाहेरून तपकीर किंवा मीठ चोळा. पावसात मीठ धुऊन जाते, तपकीर जास्त टिकते. दर अर्ध्या तासाला थांबून एकमेकांचे पाय बघा.

चिकटलीच, तर बारीक टोकाच्या बाजूला नख आडवे सरकवून सोडवा, मग जाड टोक. तिच्या लाळेत रक्त न गोठू देणारे द्रव्य असते, त्यामुळे नंतर बराच वेळ रक्त झिरपते. पाहुणा हे बघून घाबरतो. स्वच्छ कापूस दाबून पट्टी बांधा, बस्स. खाजवू देऊ नका, जखम चिघळते ती नखांनी.

मग गोचीड?

तिच्याकडे मात्र गांभीर्याने बघा. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. हा ताप रानातल्या गोचिडीच्या चाव्यातून येतो. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका दुसऱ्या सत्राच्या सहलींचा. बारकी पिल्ले तिळाएवढीही नसतात, नुसत्या नजरेने सुटतात.

पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घाला, म्हणजे गोचीड दिसते. उघड्या अंगावर डीट (कीटक दूर ठेवणारे द्रव्य) असलेले मलम लावा. पाचोळ्यावर बसायचे नाही; जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा, तोही घरी आणून उन्हात झटका. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर लगेच आंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि काख, जांघ, कानामागे तपासणी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढा. रॉकेल, जळती काडी, तेल यांतले काही करू नका.

चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप, डोके आणि अंग ठणकणे सुरू झाले तर डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगा: "आम्ही अमुक तारखेला सत्तरीच्या रानात होतो." हे सांगितले नाही तर सगळे डेंगी-मलेरियातच शोधत बसतात. पाहुणा तोवर मायदेशी परतला असेल तर हे त्याला लिहूनच द्यावे लागते, तिथल्या डॉक्टरला माकडताप सुचणार नाही.

साप चावला तर?

चावलेला अवयव हलू देऊ नका. फळी किंवा काठी लावून ओढणीने बांधा, अंगठी-कडे काढा, १०८ ला फोन करा. आवळपट्टी बांधणे, कापणे, चोखणे नाही. साप पकडायच्या मागेही लागू नये, लांबून फोटो मिळाला तर पुरे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते. पावसाळ्यात झुडपावर डोळ्यांच्या उंचीला बसणाऱ्या चापड्याचे विष त्यात येत नाही, त्यावर रुग्णालयात दुसरे उपचार करावे लागतात. म्हणून फांदीला हात लावण्याआधी बघा. मोठे उपचार केंद्र म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. रानातल्या वाटेवरून तिथे पोचायला किती वेळ लागेल हे जाण्यापूर्वीच काढून ठेवा.

वाघ दिसेल का?

जवळजवळ नाहीच. म्हादई अभयारण्यात वाघ आहेत हे खरे. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले, ती गोव्याच्या जंगलाची फार मोठी हानी होती. तुम्हाला भेटेल तो गवा. एकटा नर वाटेत उभा असेल तर थांबा, आवाज न करता मागे फिरा, त्याला जायला वाट द्या. सेल्फीसाठी पुढे जाणाऱ्या पाहुण्याचा हात धरायला लाजू नका.

झाडांमुळे अंगावर फोड येतात ते कशाने?

बहुतेक वेळा बिब्ब्यासारख्या झाडांच्या चिकाने. खोडावर काळा डिंक दिसला तर त्या झाडाला टेकायचे नाही. लागलाच तर ताबडतोब साबण आणि भरपूर पाणी. दुसरी खाजकुयली: मखमलीसारख्या तपकिरी शेंगा, हात लावावासा वाटतो. तिचे केस चोळू नका, चोळले की आत रुततात. चिकटपट्टी लावून उपटा, नंतर धुवा.

डब्यात आणि पिशवीत काय घ्यावे?

माणशी तीन लिटर पाणी, मार्च ते मेमध्ये चार. ओआरएसची दोन पाकिटे. नसली तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. ओल्या नारळाची भाजी नेऊ नका, उन्हात दुपारपर्यंत आंबते. सकाळी पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) उंडे, म्हणजे गोल पाव, सुकी बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी, केळी, चणे असे न्या. शेंगदाणे किंवा काजू कोणाला चालत नाहीत का, ते आधी विचारा. आपल्या चटणीत आणि गोडात ते न सांगता असतात. ज्याला अशी ॲलर्जी आहे त्याचे इंजेक्शन गाडीत नव्हे, पाठीवरच्या पिशवीत हवे.

शिवाय शिट्टी, डोक्याला लावायची बॅटरी, पट्ट्या, चिमटा, नकाशा आधीच उतरवून घेतलेला फोन. सत्तरी आणि नेत्रावळीत बराच भाग रेंजबाहेर आहे.

पाहुण्याला स्कूटर भाड्याने घेऊन देऊ का?

त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असेल तरच, आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. हेल्मेट दोघांनाही. ज्याने कधी डावीकडून गाडी चालवली नाही त्याला घाटात नेऊ नका. रविवारी गावाकडच्या बसफेऱ्या कमी होतात, म्हणून परतीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच कंडक्टरला विचारा.

कागदपत्रांत काही विशेष?

पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, विम्याचा क्रमांक. रात्री मुक्काम असेल तर मुक्काम देणाऱ्याला परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन करावी लागते. नेहमीच्या घराबाहेर राहिले तरीही. अभयारण्यात परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. युरोप-अमेरिकेत डोंगरात जाणारे उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र सर्रास वापरतात. भारतात परवानगीशिवाय ते जवळ बाळगणे गुन्हा आहे आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवर यासाठी कारवाई झाली आहे. पाहुणा गोव्यात यायच्या आधीच त्याला हे कळवा. फोनमधले साधे जीपीएस चालते.

पोहण्याचे कपडे, देवराया, देऊळ यांबद्दल काय सांगावे?

किनाऱ्यावर चालते ते गावच्या व्हाळावर चालत नाही. टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी, एवढे सांगितले की पुरते. पाहुण्यांना सूचना आवडते, नजरा आवडत नाहीत. ब्रह्मकरमळीजवळच्या निरंकाराच्या राईसारख्या देवराईत चप्पल बाहेर, पानही तोडायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही. गावात शिरताना भेटेल त्या आजोबांना विचारा, "वाट ही ना?" वाट माहीत असली तरीही विचारा. अडचणीला दोर घेऊन पहिली धावणारी माणसे तीच असतात.

समुद्रकासवे दाखवता येतील?

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग. हिवाळ्यात मादी अंडी घालते, सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले निघतात. वनखात्याची माणसे तिथे असतात. त्यांना विचारून, दोरीच्या बाहेरून. बॅटरी, फ्लॅश, फोनचा उजेड बंद: पिल्ले उजळ दिशेला समुद्र समजून चालतात आणि उलटी हॉटेलांकडे जातात.

परत कधी फिरायचे, हे कसे ठरवू?

निघतानाच ठरवा आणि घरी एका मोठ्या माणसाला लिहून द्या: कुठे, किती जण, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत फोन येईल. डिसेंबरात पणजीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. दाट रानात अंधार अर्धा तास आधी पडतो. म्हणून हिवाळ्यात दुपारी तीनला, जिथे असाल तिथून मागे. धबधबा वळणापलीकडे असला तरी. हे वाक्य पाहुण्याला सकाळी बसमध्येच सांगून ठेवा, तिथे पोचल्यावर कोणी ऐकत नाही.